रेडिओवर माझं नाव

बाबा गेले त्या दिवशी मी बंगळूरमध्ये गोळ्या तयार करण्याची प्रात्यक्षिक परीक्षा देत होते. बाबा मॉरिशसमध्ये होते. परीक्षा संपल्यावर मला कळलं. त्याच दिवशी त्यांना नेलं. मी तिथे नव्हते.

हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. मध्ये एकदोनदा सुरुवात केली होती, पण कागदावर नुसता राग उतरायचा आणि बाबा त्यात कुठे दिसायचेच नाहीत. म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहिते. बाबा सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीपाशी बसत. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून गोळ्या पाकिटात घालायच्या, मोठ्या बाटलीतलं औषध छोट्या बाटलीत ओतायचं आणि समोरच्या म्हाताऱ्याला ते कधी घ्यायचं हे दोनदा समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. ते फार्मासिस्ट नव्हते, फार्मासिस्टच्या हाताखाली होते, आणि हा फरक त्यांना रोज कोणी ना कोणी जाणवून देई. शनिवारी दुपारी ते गावच्या बैठकेत मराठी शिकवत. उसाच्या मळ्यात राबायला नेलेल्या आमच्या पणजोबा-खापरपणजोबांनी आपली भाषा टिकावी म्हणून ज्या शाळा काढल्या, त्यांना आमच्याकडे बैठका म्हणतात. गावात सगळे क्रिओल, फ्रेंचमधून तयार झालेली बेटाची बोली, बोलत, आई बाबांशी भांडायची तीही क्रिओलमध्येच. पण माझ्याशी आणि माझ्या धाकट्या भावाशी, दिलीपशी, बाबा हट्टाने मराठी बोलत. ती मराठी पुस्तकातली होती. भारतात सगळे असंच बोलत असणार, असं मी बारावीपर्यंत धरून चालले होते.

फार्मसी शिकायला मी भारतात आले ती त्यांच्या इच्छेने, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. पुण्याला प्रवेश मिळाला नाही, बंगळूरला मिळाला. "बंगळूरमध्येही आपली माणसं आहेत," असं बाबा म्हणाले आणि त्यांनी कोणाकोणाला पत्रं घालून ती शोधूनही काढली. अशा रीतीने मी जे. पी. नगरमध्ये अण्णा आणि अक्कांच्या घरी राहायला गेले. ते मूळचे निपाणीकडचे. अण्णा कारखान्यातल्या नोकरीसाठी तरुणपणी इथे आले आणि निवृत्त होऊन इथलेच झाले. मुलगा आणि सून परदेशी, म्हणून वरच्या दोन खोल्या ते मुलींना देत. पहिल्या दिवशी अक्कांनी विचारलं, "जेवणार न्हवं?" मी म्हणाले, "भोजन नको, अल्पोपहार चालेल." अक्का माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग आत वळून म्हणाल्या, "अहो, इकडं या की जरा. ही पोरगी बातम्या दिल्यासारखी बोलतीया बघा." त्या दिवशी मला चार दिवस पुरेल एवढं हसणं ऐकावं लागलं, आणि शेवग्याच्या शेंगांचं सारू आणि भातही मिळाला.

त्या घराचे आवाज मला अजून ओळीने आठवतात. पहाटे कोपऱ्यावरच्या देवळातलं सुप्रभातम्, त्यात मिसळलेली अक्कांच्या कुकरची शिट्टी, मग "सोप्पोऽऽ" अशी पालेभाजीवाल्या बाईची लांबवलेली हाक. अक्का फाटकाशी उभ्या राहून तिच्याशी कन्नडमध्ये घासाघीस करत आणि आत येऊन ती सगळी मराठीत अण्णांना ऐकवत. अण्णा पेपरातून डोकं वर न काढता "सरी, सरी" म्हणत, म्हणजे बरं, बरं. थंडीत अवरेकाळू यायचे, आपले पावटे. रात्रभर भिजवून सकाळी एकेक दाणा बोटांत दाबून सालातून उडवायचा. हे काम जेवणघरात खाली बसून चाले आणि रविवारी त्यात कल्याणीही असे. कल्याणी शेजारच्या खोलीत राहणारी, पुण्याची, एचएसआर लेआउटमध्ये एका कंपनीत कामाला. तिचे दाणे भांड्यात कमी आणि भिंतीवर जास्त जात. "अगं कल्याणी, माझ्या भिंतीला जेवाय घालतीस काय?" अक्का म्हणत. मी दाणे सोलता सोलता पाठांतर करायची. तोंडाने औषधांचे वर्ग, हातात पावटे. आजही माझ्या दुकानात कोणी रक्तदाबाच्या गोळ्या मागितल्या की मला भिजलेल्या सालांचा वास येतो. कोणाला सांगितलं तर हसतील म्हणून सांगत नाही.

तिसऱ्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. दिलीपने फोन त्यांच्या कानाशी धरला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "परीक्षा." मी येते असं म्हणाले. मला खरंच वाटलं होतं की जाईन.

जायला काय लागतं हे इथे सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. परदेशी विद्यार्थ्याला दर वर्षी राहण्याचा परवाना वाढवून घ्यावा लागतो. माझा त्याच सुमाराला संपला होता. तो वाढवायला, आणि तो नसताना देशाबाहेर पडायची परवानगी मागायलाही, कॉलेजचं पत्र लागे: ही आमची विद्यार्थिनी आहे, वडील आजारी आहेत, जाऊन परत येईल. चार ओळी आणि खाली प्राचार्यांची सही. परदेशी नागरिकांची नोंद होते त्या कार्यालयातल्या बाईंनी मला नीट बसवून समजावलं होतं, पत्र आणलंस की दोन-तीन दिवसांत होईल. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात एक कारकून होते. चांगले गृहस्थ, कपाळाला विभूती, टेबलावर स्टीलचा डबा. मी अर्ज दिला. ते म्हणाले, "नाळे बन्नी," उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले. "नाळे बन्नी." तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "सर, तुम्ही कालही नाळे म्हणालात." ते शांतपणे म्हणाले, "हौदु, बरोबर, आणि आज पण नाळेच आहे. प्रिन्सिपल इन्स्पेक्शनमध्ये आहेत. स्वल्प अड्जस्ट माडि." थोडं सांभाळून घ्या. हे वाक्य बंगळूरमध्ये बसपासून देवळाच्या रांगेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं आणि बहुतेक वेळा त्याने काम भागतंही. मीही तोवर त्यावर हसत आले होते.

इन्स्पेक्शन म्हणजे कॉलेजला मान्यता चालू ठेवायची की नाही हे पाहायला बाहेरून समिती येणार होती. महिनाभर दुसरं काही चालू नव्हतं. प्रयोगशाळेच्या भिंती रंगवल्या, वर्षानुवर्षं बंद असलेलं गोळ्या दाबायचं यंत्र दुरुस्त झालं, ग्रंथालयात आम्ही कधीच न पाहिलेली पुस्तकं आली. परदेशी विद्यार्थी ही कॉलेजची शान. मी, एक नेपाळी मुलगी आणि दोन सुदानी मुलगे, असे आम्ही चौघे होतो. आम्हाला इस्त्री केलेले पांढरे कोट घालून पहिल्या रांगेत उभं करायचं ठरलं. मला आरतीचं तबक दिलं. समितीतल्या तिघांना मी कुंकू लावलं, गुलाबाची फुलं दिली. प्राचार्य माझ्या खांद्याजवळ हात नेत, खांद्याला न लावता, म्हणाले, "ही मॉरिशसची. घरी मराठी बोलते. आमच्याकडे घरच्यासारखी राहते." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. माझं पत्र त्यांच्याच टेबलावर होतं. तबक खाली ठेवून मी हळूच म्हणाले, "सर, माझी सही." ते हसतमुखाने, समितीकडे बघत, दात न विलगता म्हणाले, "आफ्टर इन्स्पेक्शन."

घरी येऊन हे सांगितलं तर कल्याणी उसळली. "अगं यार, तू अशी गप्प बसतेस म्हणून हे होतं. एक कडक मेल टाक प्रिन्सिपलला, सीसीमध्ये मॅनेजमेंटला घाल. एस्कलेट कर."

"तिच्या कालिजात तुझ्या कंपनीसारखं चालतंय काय?" अक्का म्हणाल्या.

"मग काय अक्का, त्यांच्या घरी जाऊन पाया पडायचं?"

"पडायचं की. काय बिघडतंय? बाप तिचा हाय."

दुसऱ्या दिवशी अण्णा धोतर नेसून, टोपी घालून माझ्याबरोबर कॉलेजात आले आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकावर दुपारपर्यंत बसून राहिले. कारकुनांनी त्यांना कॉफी पाजली, दोघांचं कन्नडमध्ये गुडघेदुखीवर बोलणं झालं, कोणाच्या तरी ओळखीचे ओळखीचे निघाले. प्राचार्य मात्र समितीचा अहवाल घेऊन दिल्लीला गेले होते. हे आम्हाला उठताना सांगण्यात आलं. परतताना रिक्षात अण्णा म्हणाले, "माणूस वाईट नाही तो." कोणाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही. मला त्या क्षणी अण्णांचाही राग आला, त्या कॉफीचाही.

मेल मी टाकली. उत्तर आलं नाही. बाबा अधूनमधून फोनवर श्वास घेत, मी ऐकत असे. मग परीक्षा लागली.

त्या दिवशी मला गोळ्यांचा एक घाणा करायचा होता. पावडर चाळायची, स्टार्चची खळ शिजवायची, ती घालून ओला गोळा करायचा, चाळणीवर घासून रवा पाडायचा, वाळवायचा आणि यंत्रात दाबायचा. खळ मला चांगली जमायची. अक्का कांजी करत तशीच ती ढवळावी लागते, हात थांबला की गाठी होतात. त्या दिवशीही गाठी झाल्या नाहीत. पण माझा रवा जरा जास्तच वाळला आणि यंत्रातून निघालेल्या गोळ्यांच्या टोप्या उडायला लागल्या, म्हणजे गोळीचा वरचा पापुद्रा सुटून येतो तसं. मी पुन्हा केलं. मोजून पंचवीस चांगल्या गोळ्या परीक्षकांपुढे ठेवल्या आणि बाहेर येऊन पिशवीतून फोन काढला. दिलीपचे खूप कॉल होते.

आमच्या बेटावर माणूस गेलं की रेडिओवर सांगतात. ठरलेल्या वेळी बातम्यांनंतर निवेदक एकेक नाव वाचतो: कोण गेलं, कुठल्या गावचं, कोणाचा नवरा, कोणाचा बाप, कोणाचा भाऊ, आणि घरातून किती वाजता नेणार. सगळं बेट त्या वेळी काम थांबवून ऐकतं. रेडिओवर नाव आलं की मालक सुट्टी देतो, शाळेत मुलाला वर्गातून बोलावतात, बस थांबवून लोक उतरतात. त्याहून वेगळा पुरावा कोणी कधी मागत नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नेतात. लांबच्यांसाठी थांबायची पद्धत नाही, कारण बेटावर लांब असं कोणी नसतं.

मी रिक्षाने घरी पोचले तेव्हा तिथे नेण्याची वेळ व्हायची होती. दिलीपने रेडिओवरची सूचना फोनवर रेकॉर्ड करून पाठवली होती. ती मी अक्कांच्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकली. निवेदक क्रिओलमध्ये बोलत होता, बाबांचं नाव, दवाखान्यातलं काम, बैठकेतलं शिकवणं, आईचं नाव, दिलीपचं, आणि मग, "मुलगी वंदना, सध्या भारतात." एवढंच. पुढे दुसऱ्या कोणाचं नाव सुरू झालं. अक्कांना क्रिओल कळत नव्हतं, पण माझं नाव कळलं. त्यांनी गॅस बंद केला.

"डोक्यावरनं पाणी घे जा," त्या म्हणाल्या.

मी न्हाऊन खाली आले तेव्हा देवघरात अंधार होता. अण्णा दबक्या आवाजात म्हणत होते, "अगं, पण तिचं सुतक आपल्याला कसं लागंल? गोत कुठलं, गाव कुठलं."

"तीन वर्सं माझ्या हातचं खातीया," अक्का म्हणाल्या. "लागतंय की." मग मला बघून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बस. नुसता भात हाय आणि वरण. फोडणी न्हाई." दहा दिवस त्या घरात फोडणी झाली नाही, देवापुढे दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशी कल्याणीने बाहेरून आणलेला केक अक्कांनी शेजारी देऊन टाकला. मला त्यांचं हे करणं तेव्हा नीट दिसलंच नाही. मी त्या दिवसांत फक्त एकच गोष्ट मनात घोळवत होते: दहाव्याला तरी पोचायचं.

त्यासाठी दोन गोष्टी लागत. ते पत्र, आणि दोन दिवसांवर आलेली तोंडी परीक्षा पुढे ढकलून मिळणं. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसात गेले. कारकुनांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाले, "डेथ सर्टिफिकेट?"

"ते मिळायला वेळ लागेल. काल तर गेलेत."

"मग काही प्रूफ? मॅडम, मी विश्वास ठेवतो. पण फाइलला लावायला काहीतरी पाहिजे न."

मी फोन काढून त्यांच्या टेबलावर, डब्याशेजारी ठेवला आणि सूचना लावली. आमच्या बेटावर याहून मोठा कागद नाही. ऑफिसात तीन-चार जण थांबून ऐकत होते. निवेदकाचा आवाज त्या खोलीत फार लहान वाटत होता. माझं नाव आलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. "वंदना," मी म्हणाले, "ती मी." ते खाली मान घालून ऐकत राहिले, संपेपर्यंत ऐकलं, आणि मग अगदी हळू आवाजात, मला दुखवू नये अशा बेताने म्हणाले, "इदु फाइलगे आगल्ला, मॅडम." हे फाइलला चालणार नाही.

त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटत आलं आहे. उद्धट माणसाशी भांडता येतं. त्या ऑफिसात कोणीच वाईट नव्हतं. सगळे मला सांभाळून घेत होते आणि मी तिथून हलू शकत नव्हते.

प्राचार्य दिल्लीहून आले नव्हते. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, बाहेरचे परीक्षक एकाच दिवसासाठी येतात, गैरहजर राहिलीस तर वर्ष जाईल, वडिलांना हे आवडलं असतं का? बाबांना काय आवडलं असतं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी तोंडी परीक्षेला बसले. परीक्षक वयस्कर होते. त्यांनी विचारलं, गोळीची टोपी का उडते? मी सांगितलं: रवा फार कोरडा झाला तर, आत हवा अडकली तर, दाब एकदम पडला तर. "चांगलं वाचलंय," ते म्हणाले. पुढे काय विचारलं ते आठवत नाही. मी पास झाले, चांगल्या गुणांनी. दहाव्याच्या दिवशी दिलीपने समुद्रावरून फोन केला. वारा फार होता, भटजींचं काही ऐकू आलं नाही. मी जे. पी. नगरच्या गच्चीवर उभी राहून वारा ऐकला.

तेराव्यानंतर कारकुनांचा फोन आला. मी गेले तेव्हा ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी पत्र पुढे केलं. "नोडी मॅडम, आगिदे. सही आलं." बघा, झालंय. पत्रात लिहिलं होतं की सदर विद्यार्थिनीस आपल्या आजारी वडिलांना भेटण्यासाठी मायदेशी जाण्यास हरकत नाही. मी ते घेतलं. थँक्यू म्हणाले. इतकी वर्षं झाली, आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते हे की मी थँक्यू म्हणाले. सवय होती.

त्या पत्राने माझा परवाना वाढला, पण आता पोचण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढचं वर्ष पूर्ण करून मी घरी गेले तेव्हा आई बाबांची खुर्ची कोणाला तरी देऊन मोकळी झाली होती आणि दिलीपने दवाखान्यात नोकरी धरली होती. कोणी मला विचारलं नाही की का आली नाहीस. सगळ्यांना ठाऊक होतं की मी भारतात आहे. तसं रेडिओने सांगितलंच होतं. आईने एकदाच म्हटलं, "पेपर चांगला गेला होता ना?" मी हो म्हणाले.

अण्णा गेले तेव्हाही मला जाता आलं नाही. पण ते वेगळं, माझा मुलगा तेव्हा आठवड्याचा होता. अक्का आता मुलाकडे आहेत, फोनवर आवाज ओळखतात, पण मधूनच मला कल्याणी समजून बोलतात आणि मी कल्याणी म्हणूनच उत्तर देते. बाबांसाठी रडू येणं हळूहळू थांबलं. राग थांबला नाही. तो कोणावर आहे, हे मला अजून सांगता येत नाही. तो आहे.